लहान पातेल्यातलं टोमॅटो सूप

दातांच्या डॉक्टरने आईचे उरलेसुरले दात दोन-तीन खेपांत काढून टाकले आणि मला म्हणाला, "आता हिरड्या भरेपर्यंत सूप द्या. टोमॅटोचं, क्रीम घालून. ताकद टिकेल." तरुण पोरगा होता, जव्हारात नवीनच आलेला. त्याच्या घरी बहुधा क्रीम नळाला येत असावं. मी मान डोलावली. सरकारी नोकरीत इतकी वर्षं काढल्यावर मान आपोआप डोलते, डोक्याला कळवावं लागत नाही.

आई खुर्चीतून उठली. तोंडात कापसाचा बोळा होता, म्हणून हाताने खूण करून तिने डॉक्टरला विचारलं की माझे दात कुठे आहेत. तिला ते घरी न्यायचे होते. डॉक्टर म्हणाला, टाकून दिले. त्यावर आईने त्याच्याकडे असं काही बघितलं की मी तिचा दंड धरून तिला जिना उतरवला.

मी मोखाड्याच्या एका कचेरीत कारकून आहे आणि राहते जव्हारला. मोखाड्यात मला सगळे ओळखतात, हे त्याचं कारण. रोज सकाळी शेअर जीपमध्ये कोंबून घ्यायचं, संध्याकाळी तसंच परत यायचं, आणि मधल्या वळणांवर सकाळी काय खाल्लं होतं ते आठवत बसायचं. माझी खोली एका शिंप्याच्या घराच्या माडीवर आहे. खाली त्याचं दुकान, दुकानामागे तो आणि त्याची बायको. तिला सगळी आळी भाभी म्हणते, म्हणून मीही म्हणते. त्यांची मुलं भिवंडीला पोटापाण्याला लागली. वर मी एकटी. लग्न केलं नाही, आणि त्यामागे कुठली करुण कहाणी नाही. जे बघायला आले ते मला आवडले नाहीत. ज्या एकदोघांना मी आवडले नाही, त्यांना अक्कल होती असं माझं आजही मत आहे.

पातेल्याबद्दल इथेच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा गोंधळ त्याच्यावरून झाला. माझ्याकडे स्टीलचं एक लहान पातेलं होतं, जाड बुडाचं, बरोबर एका माणसापुरतं. नोकरी लागल्यावर मी स्वतःसाठी घेतलेली ती पहिली वस्तू. पाचवीपासून मी आश्रमशाळेत वाढले. तिथे डाळ ज्या भांड्यात शिजायची त्यात आम्हा दोन पोरींना उभं केलं असतं तर आमची डोकीसुद्धा दिसली नसती. ताट घेऊन रांगेत उभं राहायचं आणि आपल्या वाट्याला डाळीचं पाणी येणार की डाळ, हे वाढणाऱ्याच्या मनगटावर सोडायचं. त्याच्या आधी घरी, खोडाळ्याच्या अलीकडच्या आमच्या पाड्यावर, एकच टोप आणि त्यात सगळ्यांचे हात. म्हणून ते लहान पातेलं हातात घेतलं तेव्हा मला केवढं बरं वाटलं होतं. मूठभर तांदूळ, बोटभर पाणी, कोणाला विचारायचं नाही, कोणाला पुरवायचं नाही. माझं सगळं स्वातंत्र्य त्यात मावत होतं आणि वर झाकणही बसत होतं.

आई पाड्यावर भावाकडे राहते. दात काढायचे म्हणून तिला माझ्याकडे आणली, कारण भावाच्या घरापासून जीप धरायला पाऊण तास चालावं लागतं आणि डॉक्टर दर आठवड्याला बोलवत होता. नवीन दातांचं माप घ्यायचं तर आधी हिरड्या भरायला हव्यात, आणि त्या भरायच्या तर पोटात काही जायला हवं. आई मुळात काटकी. वजन करणाऱ्या सिस्टरने काट्याकडे बघितलं, मग आईकडे बघितलं, आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की याच्या खाली गेल्या तर ॲडमिट करून सलाईन लावावं लागेल. आईने ते ऐकलं. दात गेले तरी कान शाबूत होते. रस्त्यात म्हणाली, "सलाईन लावलास तं मी घरी जाईन." ती जाईल याची मला खात्री होती. वडील गेले तेही असेच. आधी खाणं सुटलं, आम्ही म्हणत राहिलो की उद्या खातील, आणि मग ते उद्यापर्यंत थांबले नाहीत. त्यामुळे मी वरून कितीही टवाळकी करत असले तरी आतून मी घाबरले होते.

मग मी सूपच्या मागे लागले. फोनवर व्हिडिओ बघितला. त्यातल्या बाईचं स्वयंपाकघर आमच्या कचेरीच्या मीटिंग हॉलएवढं होतं. ती टोमॅटो हातात घेऊन हसत होती, कांदा कापताना हसत होती, मिक्सरचं झाकण लावतानासुद्धा हसत होती. "अवघ्या पाच मिनिटांत," ती म्हणाली. तिची पाच मिनिटं कुठल्या घड्याळातली होती देव जाणे. माझे टोमॅटोच शिजायला त्याच्या दुप्पट वेळ गेला. मग ते चहाच्या गाळणीतून गाळायचे. चहाच्या गाळणीतून टोमॅटो गाळणं म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणाहून फाईल सोडवून आणणं. वरून दाबत राहायचं, खाली थेंब थेंब पडतो, आणि अर्ध्यात सगळं तुंबतं.

क्रीमचा प्रश्न वेगळाच. दुकानदार म्हणाला, केकवाले मागवतात तेव्हा येतं, पण परवा लाईट नव्हती दिवसभर, घेऊ नका. प्रामाणिक माणूस. म्हणून मी पिशवीतलं दूध उकळून घट्ट केलं आणि रटरटत्या टोमॅटोत थेट ओतलं. ते तिथल्या तिथे फाटलं. पातेल्यात लाल आणि पांढरं वेगवेगळं फिरायला लागलं, युती तुटल्यावर फिरतात तसं. मी साखर घातली, मीठ घातलं, पुन्हा मिक्सरला लावलं आणि वाटीत काढून आईपुढे ठेवलं. वर पावाचे तुपात तळलेले कुरकुरीत तुकडेही टाकले, कारण व्हिडिओत होते. दात काढलेल्या बाईला कुरकुरीत तुकडे. हे माझ्या ध्यानात जीपमध्ये बसल्यावर आलं.

आईने वाटीत बघितलं. म्हणाली, "ठेव. खाईन मंग."

संध्याकाळी आले तर वाटी घासून पालथी घातलेली. मला इतका आनंद झाला की मी स्वतःला सुगरण म्हणवून घेतलं, मोठ्याने, एकटीच.

दुसऱ्या दिवशी सुधारणा केली. दूध कोमट करून, आच बंद केल्यावर, चमच्याचमच्याने घातलं. फाटलं नाही. तिसऱ्या दिवशी चिमूटभर मैदा लोण्यात परतून घेतला. खालच्या शिंप्याला माझी गाळणीची रडकथा कळली तेव्हा त्याने मलमलचा एक तुकडा कापून दिला, चारी कडांना शिलाई मारून. "टोमॅटोला अस्तर पाहिजे ना," म्हणाला. मलमलमधून सूप असं उतरलं की मीच बघत राहिले. साय मात्र भाभीने दिली. ती रोज म्हशीचं दूध घेते आणि वरची साय वाटीत जमवते. "दूध काय घालतेस गं, मलाई घाल," ती म्हणाली, "दुधाने काय होतंय." साय फेटून घातली आणि सूपला जो रंग आला, जो दाटपणा आला, तो बघून मला व्हिडिओतल्या बाईला फोन करून हसावंसं वाटलं.

माझं रोजचं वेळापत्रक बसलं. सकाळी लहान पातेल्यात आईचं सूप. ते वाटीत काढून झाकायचं, पातेलं विसळायचं, त्यातच माझी भाजी टाकायची, डबा भरायचा आणि जीपकडे पळायचं. रात्री पुन्हा तेच, आधी तिचं, मग माझं. रात्रीची वाटी घेऊन ती गॅलरीत जायची, आत उकडतं म्हणायची. रोज वाटी रिकामी मिळत होती. त्या जोडीला आई भाभीकडे जाऊन चहा प्यायची, किटलीतला, त्यांच्या सगळ्यांबरोबर. चहात खारी बुडवून खायची असं भाभी सांगायची. मला वाटायचं, असू दे, वरखर्चाला.

आठवड्याने काट्यावर उभी केली तर वजन खाली.

मी सिस्टरला म्हटलं, तुमचा काटा बिघडलाय. तिने मलाच काट्यावर उभं केलं. माझं वजन मात्र त्याने अगदी खरं सांगितलं, निर्लज्जपणे. मग मी सायीचं प्रमाण वाढवलं. लोणी वाढवलं. सूप इतकं जड झालं की चमचा उभा राहील. आणि एका सकाळी आई न्हाणीतून बाहेर येताना भिंत धरून खाली बसली. बसली म्हणजे पडलीच, पण तिने ते बसण्यासारखं केलं. "चक्कर नाय," म्हणाली, "जराशी टेकलू." तिच्या हाताला हात लावला तर सगळी हाडं लागली. त्या दिवशी मी कचेरीत कोणाशीही धड बोलले नाही आणि साहेबांना वाटलं माझी बदली झाली आहे.

त्यानंतर दोनेक दिवसांनी सकाळची जीप घाटातच बंद पडली. ड्रायव्हरने बॉनेट उघडून आत असं बघितलं की जणू पहिल्यांदाच बघतोय. मी उलट्या दिशेने येणाऱ्या दुधाच्या टेम्पोत बसून जव्हारला परत आले. आळीत शिरले तर आमच्या गॅलरीच्या कठड्यावर कावळ्यांची सभा भरलेली. मधोमध माझी वाटी. एक कावळा काठावर उभा, चोच आत, आणि चोचीला साय लागलेली. आई शेजारी भिंतीला टेकून बसली होती, डोक्यावर पदर, अगदी शांत. मी धडाधडा जिना चढले आणि कावळ्यांना हाकलायला ओढणी फिरवली.

आई म्हणाली, "थांब गं. जेवू दे."

"कोणाला जेवू दे?"

"तुज्या बापाला."

मी ओढणी खाली घेतली. मला वाटलं, चक्करीत डोक्यावर परिणाम झाला. मी तिच्यापुढे उकिडवी बसले आणि विचारलं, "आई, हे रोज करतेस?"

"रोज."

"सगळं?"

"सगळा. तो ऊन उतरायच्या आत येतो." मग जरा विचार करून म्हणाली, "रातचा मी ठेवतंय, सकाळी येतो."

माझे वडील गेले त्याला बरीच वर्षं झाली. हयातीत त्यांनी टोमॅटोला हात लावला नाही. पोरींनी खायचं फळ असं म्हणायचे. आणि इकडे मी मलमलमधून गाळून, लोण्यात परतून, भाभीची साय फेटून त्यांना दोन वेळचं सूप पोचवत होते. मी म्हटलं, "त्यांना टोमॅटो आवडत नव्हता."

"आथा कुठं तक्रार करतो," आई म्हणाली.

मला हसू येत होतं आणि तिला गदागदा हलवावंसंही वाटत होतं. मी हलवलं नाही, पण आवाज चढवला. तू उपाशी राहतेस, मी पहाटे उठते, तुला पडलंय का, डॉक्टर काय म्हणाला ऐकलंस ना, असं सगळं बोलले. माझी बोलण्याची पद्धत कचेरीत प्रसिद्ध आहे. आईने ते सगळं पूर्ण होऊ दिलं. मग हळू आवाजात, बोळक्या तोंडाने, ती सांगायला लागली आणि मला मध्येच पुन्हा विचारावं लागलं, कारण दात नसल्याने तिचे निम्मे शब्द ओठातच राहत होते.

आमच्या घरात एकट्या माणसासाठी वेगळं रांधत नाहीत. आजारी असो, बाळंतीण असो, म्हातारं असो, टोपात जे सगळ्यांचं शिजतं त्यातलंच मऊ करून, पातळ करून द्यायचं. वेगळ्या लहान भांड्यात, एकट्याच्या मापाने शिजतं ते फक्त गेलेल्या माणसासाठी. त्याच्या दिवसाला त्याच्या नावाने मूठभर रांधायचं आणि बाहेर ठेवायचं. त्यातलं घरचं कोणी खात नाही. मी पाचवीत घर सोडलं. सुट्टीत घरी आले तेव्हा कोणी मेलं नाही, आणि वडील गेले तेव्हा मी रडण्यात होते, चुलीकडे कोण काय करतंय ते बघितलंच नाही. हे सगळं आईला माहीत आहे म्हणजे मलाही माहीत असणार, असं तिने धरून चाललं होतं.

"पैल्या दिशी माना वाटला," ती म्हणाली, "पोरीला बापाची याद आली. बरा वाटला. मी ठेवून दिला. दुसऱ्या दिशी परत. मंग तू म्हणलीस का आई तुज्यासाठी हाय."

"मग?"

"मंग समजली. डॉक्टर तुला सांगला आसल. तू माना सांगत नाय."

म्हणजे माझी आई इतके दिवस माझ्या गॅलरीत मरणाची वाट बघत बसली होती. तक्रार नाही, रडारड नाही. मुलीने तिचं शेवटचं वेगळं शिजवायला घेतलंय, तर तिला अडचण नको म्हणून वाटी घासून पालथी घालत होती. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. ते मला शोभत नाही, पण ठेवलं. म्हटलं, "डॉक्टरने काही सांगितलं नाही गं. त्याला तर तुझे दातसुद्धा ठेवायची अक्कल नाही."

ती हसली. तोंडात एकही दात नसलेलं माणूस हसतं तेव्हा बघणाऱ्याचा राग कुठल्या कुठे जातो. मग तिने माझ्या केसांतून हात फिरवला, आणि तोपर्यंत जे माझ्या मनातही नव्हतं ते विचारलं.

"माजा सोड, मी म्हातारी. तू कवापासून खातंस, एकल्याचा?"

उत्तर अवघड नव्हतं. नोकरीला लागले तेव्हापासून, रोज, दोन्ही वेळा, आवडीने. पण तिच्या तोंडून तो प्रश्न ऐकल्यावर ते सांगायला जीभ वळेना. ती माझ्याकडे येऊन एखाद-दुसरा दिवस राहून जायची, इतक्या वर्षांत त्या पातेल्याकडे बघायची, आणि काही बोलायची नाही. मला वाटायचं तिला स्टील आवडत नाही.

माझा आवाज ऐकून भाभी वर आली होती आणि दारातच उभी होती. तिला सगळं थोडक्यात सांगितलं. तिने कपाळावर हात मारला नाही की हाय अल्ला म्हणाली नाही. ती खाली गेली आणि तिची मोठी तपेली घेऊन आली, ईदला खीर करते ती. "ह्यात कर," म्हणाली, "सगळ्यांचं कर. आम्ही पण पितो. तुझ्या सूपाचा वास रोज खाली येतोय आणि वाटी कधी आली नाही."

त्या दिवशी मी रजा टाकली. बाजारातून पिशवी भरून टोमॅटो आणले. भाभी लसूण सोलत बसली, आई कांदे चिरत बसली. उपाशी बाई, पण विळी सोडेना. टोमॅटो एवढे होते की मलमलचा तुकडा पुरेना, मग शिंप्याने नवा दिला आणि म्हणाला, आता ह्या मापाचं गिऱ्हाईक झालंय. साय कमी पडली म्हणून आईने तोड काढली. मूठभर वरई शिजवून, घोटून त्यात घालायला लावली. मी म्हटलं, हे काही सूपमध्ये घालत नाहीत. ती म्हणाली, कोण बघाया येतो. वरईने ते असं दाट झालं, असं मऊ, की क्रीमवाल्या डॉक्टरला नेऊन दाखवावं. पण मी नेलं नाही. त्याने चवीचे पैसे लावले असते.

आम्ही चौघं खाली दुकानामागच्या खोलीत जमिनीवर बसलो. तपेली मधोमध. भाभीने वाढलं. आईने आधी माझ्या वाटीकडे बघितलं, मी एक घोट घेतला तो बघितला, शिंप्याने घेतला तो बघितला, आणि मग स्वतःची वाटी तोंडाला लावली. चमचा दिला होता तो तिने बाजूला ठेवला. वाटी खाली आली तेव्हा रिकामी होती. ओठांवर लाल मिशी. "गोडूस हाय," म्हणाली, "मिरची नाय." आणि वाटी पुढे केली.

शिंप्याने आपली वाटी सावकाश संपवली, ओठ पुसले आणि बायकोला विचारलं, "चांगलंय. जेवण कधी आहे?"

खिडकीत एक कावळा येऊन बसला. कोणता ते कसं सांगणार, पण धीट होता. आईने हात उगारला. "जा रे," म्हणाली, "तुजा झाला."

पुढचे दिवस आम्ही सगळ्यांनी टोमॅटो सूप प्यायलं. प्यायलं म्हणजे सोसलं. नियमच झाला की आईचं जे शिजेल ते तपेलीत शिजेल आणि चौघं घेतील. मला टोमॅटो सूप आवडत नाही, हे मला त्या दिवसांत नीट कळलं. इतके दिवस मी ते फक्त बनवत होते. शिंपी भला माणूस, पण एकदा गिऱ्हाईकाच्या समोर माझ्याकडे बघून म्हणाला की दाताचं काम जरा लवकर आटपायला सांगा. भाभीने एक दिवस त्यात हिरवी मिरची टाकली, एक दिवस पुदिना, एक दिवस चक्क खिमा टाकायला निघाली होती, तेव्हा आईनेच तिला थांबवलं. दोघींची चांगलीच गट्टी जमली. आई तरुणपणी भिवंडीकडे वीटभट्टीवर कामाला जायची, तिथलं तिचं हिंदी अजून शिल्लक होतं, आणि त्यात ती भाभीला माझ्याबद्दल काय काय सांगायची ते मला वर ऐकू यायचं. "बचपन से ऐसीच है," हे एक वाक्य तर रोज.

काट्यावर ती पुन्हा उभी राहिली तेव्हा सिस्टर म्हणाली, काय देताय? मी म्हटलं, सूप. ती म्हणाली, आधीही सूपच देत होतात ना. मी म्हटलं, आधी दुसरा माणूस पीत होता.

नवे दात बसले. आई आरशात बघून म्हणाली, "कोणाचं हायत हे?" आणि ते रुमालात बांधून ठेवले, लग्नकार्याला घालायला. मग एका सकाळी मी तिला खोडाळ्याच्या जीपमध्ये बसवून दिलं, पुढे भाऊ घ्यायला येणार होता. पिशवी नेहमीपेक्षा जड लागली. म्हटलं, भाभीने काही दिलं असेल. तिने जीपच्या खिडकीतून माझ्या गालाला हात लावला आणि सरळ समोर बघायला लागली. निरोप घेताना आमच्यात फार बोलत नाहीत.

त्या संध्याकाळी घरी आले, पाय धुतले, गॅसजवळ गेले. सूप नाही, साधी मुगाची खिचडी, माझ्या एकटीपुरती. किती दिवसांनी. पातेल्यासाठी फळीवर हात घातला. नाही. खालच्या खणात नाही. न्हाणीत नाही. गॅलरीत कावळ्यांची वाटी होती, पातेलं नव्हतं. भाभीने नेलं असेल म्हणून मनातल्या मनात तिच्याशी भांडलेसुद्धा. मग जड पिशवी आठवली आणि भावाला फोन लावून आईला बोलवायला सांगितलं.

"आई, माझं पातेलं बघितलंस?"

"हो. हितंच हाय."

"तू नेलंस?"

"कोंबड्यांना पानी ठेवाया."

"तुझ्याकडे कोंबड्यांना भांडं नाही?"

"एवढं लहान नाय." मग म्हणाली, "भाभीची तपेली हाय नं तुज्याकडं. त्यात रांध."

"तपेलीत मी एकटी काय रांधू?"

"ते तू बघ," ती म्हणाली आणि फोन भावाच्या हातात दिला.

मला राग आला. खरा आला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत आला. माझ्या कमाईचं, माझ्या आवडीचं पातेलं, आणि तिने कोंबड्यांपुढे ठेवलं. लग्न कर असं ती मला कधी म्हणाली नाही. शेजारपाजारच्यांनी विचारलं तर तीच त्यांना गप्प करायची. मला वाटायचं तिने माझा नाद सोडलाय. नाद सोडला नव्हता. नवरा हवा की नको ते तिने माझ्यावर सोडलं होतं. पण तिची पोर रोज संध्याकाळी मेलेल्याच्या मापाने शिजवते, हे तिला बघवत नव्हतं, आणि हे ती इतकी वर्षं पोटात ठेवून होती.

दुसऱ्या दिवशी बाजारातून तसलंच पातेलं आणता आलं असतं. भांड्याचं दुकान आमच्याच आळीच्या तोंडाशी आहे. पण ती संध्याकाळ तर काढायची होती. मी तपेली गॅसवर चढवली. मूठभर डाळ-तांदूळ टाकले तर ते तळाशी कुठेतरी हरवून गेले. म्हणून आणखी टाकले. मग कांदा टाकला, दोन बटाटे टाकले, पाण्याचा अंदाज चुकला म्हणून पुन्हा तांदूळ टाकले. झाकण ठेवेपर्यंत ती खिचडी माझ्या हाताबाहेर गेली होती.

शिजल्यावर फडक्याने दोन्ही कडा धरून मी ती जिन्याने खाली उतरवली. दुकान बंद झालं होतं. भाभी दारातच सुपात काही पाखडत बसली होती. तिने तपेलीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आज कोण येणार आहे?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "माझं पातेलं हरवलंय."

पातेलं कुठे गेलं ते तिला माहीत होतं, हे तिच्या तोंडावरून मला तिथेच कळलं. ती पाखडायचं सूप बाजूला ठेवून उठली, आत गेली आणि फळीवरून तीन ताटल्या काढल्या.